छपरावरचा अक्षय ठेवा

दिवाळी जवळ आली की मराठी घराला दोन वेडे लागतात. एक फराळाचे आणि दुसरे झाडलोटीचे. दसरा होतो न होतो तोच माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, पितळी डबे चिंचेने उजळतात, आणि घरातली कर्ती बाई कमरेला पदर खोचून निकाल देऊ लागते: हे ठेवायचे, हे टाकायचे, हे कुणाला तरी द्यायचे. या तिसऱ्या सदरातच आपला खरा जीव गुंतलेला असतो. वस्तू फेकून देणे आपल्या रक्तातच नाही. जुन्या लुगड्याची गोधडी होते, गोधडीचे पायपुसणे होते, फुटक्या माठात कोरफड लागते. आपल्याला नको झालेली वस्तू गरजूच्या घरी जावी, हा संस्कार फार चांगला आहे आणि त्याची थट्टा करण्याचा माझा मुळीच विचार नाही. परंतु एक वस्तू अशी आहे, की तिच्या बाबतीत हाच चांगला संस्कार घात करतो. ती वस्तू फोडायची नाही, जाळायची नाही, परसात पुरायची नाही, आणि मुख्य म्हणजे कुणाला दानही करायची नाही. ती वस्तू म्हणजे आपल्या पडवीवरचा, गोठ्यावरचा, गॅलरीवरचा जुना सिमेंटचा पत्रा.

मराठीच्या मास्तरणीने पत्र्यावर लेख लिहावा याचे कुणाला नवल वाटेल. वर्गात मी वृत्ते आणि अलंकार शिकवते. छपराचा आणि माझा संबंध पावसात कुठे गळते एवढ्यापुरताच. परंतु गेल्या वर्षी आमच्या कोकणातल्या घराची पडवी उतरवायची वेळ आली, आणि पत्रे खाली घ्यायच्या आधी त्यांच्याविषयी चार गोष्टी वाचून घ्याव्यात असे मनात आले. चार गोष्टींच्या चाळीस झाल्या. त्या वाचून झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, की ही माहिती पुस्तकांत भरपूर आहे. पण जो माणूस हातात घण घेऊन छपरावर चढतो त्याच्यापर्यंत, आणि जो गृहस्थ त्याला चढवतो त्याच्यापर्यंतही, ती फारशी पोचलेली नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी नाव पाहू. ज्याला आपण सिमेंटचा पत्रा म्हणतो त्यात सिमेंटच्या जोडीला ॲस्बेस्टॉस नावाचे खनिज असते. हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ 'न विझणारे'. हा दगड मोठा चमत्कारिक. खाणीतून काढून पिंजला की त्याचे कापसासारखे तंतू निघतात. ते विणता येतात, आणि विणलेले कापड आगीत टाकले तरी जळत नाही. तेराव्या शतकात पूर्वेकडे आलेल्या मार्को पोलोने असे कापड पाहून लिहून ठेवले, की लोक याला आगीत राहणाऱ्या सॅलमँडर प्राण्याची लोकर समजतात, पण हा निव्वळ डोंगरातून खणलेला पदार्थ आहे. पुढे वाफेची इंजिने आली, बॉयलर आले, आणि उष्णता अडवणाऱ्या या दगडी कापसाला सोन्याचे दिवस आले. १९०० च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या लुडविग हात्शेक या कारखानदाराने सिमेंटमध्ये हे तंतू कालवून पातळ आणि बळकट पत्रे काढण्याची युक्ती शोधली. साधारणपणे नऊ भाग सिमेंट आणि एक भाग तंतू. आपल्या मालाला त्याने नाव दिले 'एटर्निट'. लॅटिनमधला शाश्वत या अर्थाचा शब्द त्यामागे आहे. आपल्याकडे असता तर त्याने 'अक्षय पत्रा' अशी पाटी लावली असती!

हा अक्षय पत्रा आपल्याकडे का रुजला, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. कौलारू घर दिसायला देखणे, पण दर वर्षी पावसाआधी त्याची शाकारणी करावी लागते. कौले परतायला माणसे मिळेनाशी झाली. त्यात वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की पन्नास कौलांचा चुरा. सिमेंटचा पत्रा मात्र गंजत नाही, सडत नाही, वाळवी त्याला खात नाही, खारा वारा त्याचे काही करत नाही, आणि वानराने उडी मारली तरी तो बहुधा दाद देत नाही. शिवाय स्वस्त. मग पडवी, गोठा, न्हाणी, मांगर, एकेक करून सारे त्याखाली आले. शहरातही तेच झाले. चाळीचे संडास, गॅरेजे, शाळांच्या ओवऱ्या, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या, पावसाचे पाणी उतरवणारे नळ, बंबाचे धुराडे, सगळीकडे हा करड्या रंगाचा सोशिक सेवक उभा राहिला. आमच्या विज्ञानाच्या प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यावर ठेवायची जी तारेची जाळी असे, तिच्या मध्यावरचा पांढरा गोलही पुष्कळदा याच पदार्थाचा असे.

दोष आहे तो याच्या गुणातच. जे जळत नाही, सडत नाही, विरघळत नाही, ते शरीरात गेले तर तिथेही जळत नाही, सडत नाही आणि विरघळत नाही. पत्रा फुटला, कापला किंवा घासला, की त्यातून तंतूंची धूळ उडते. यातला एकेक तंतू उभा चिरत जाऊन इतका बारीक होतो, की डोळ्यांना दिसत नाही, नाकाला हुळहुळत नाही, आणि वाऱ्यावर तासन् तास तरंगत राहतो. श्वासाबरोबर तो फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत जातो. शरीराच्या रक्षक पेशी त्याला गिळायला धावतात. पण तो त्यांच्याहून लांब असतो, त्यांना गिळवत नाही आणि सोडवतही नाही. वर्षानुवर्षे ती झटापट चालू राहते आणि भोवतालचा भाग निबर होत जातो. त्यातून ॲस्बेस्टोसिस नावाचा दम कोंडणारा विकार होतो, फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा फार दुष्ट कर्करोग होतो. स्वरयंत्राचा आणि स्त्रियांच्या बीजकोशाचा कर्करोगही या यादीत आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. आणि हे सारे लगेच होत नाही. वीस, तीस, चाळीस वर्षांनी होते. साप चावला तर माणूस सापाला तरी ओळखतो. इथे चावल्याचे कळायलाच अर्धे आयुष्य जाते.

जगाला हे कळायला किती वेळ लागला, त्याची कथा वाचताना मन विषण्ण होते. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी नेली कर्शॉ नावाची एक बाई ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात सूत काढण्याचे काम करीत असे. १९२४ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, ती दम कोंडून वारली. डॉक्टर कुक यांनी तिची फुप्फुसे तपासून त्याच वर्षी त्यावर लेख लिहिला आणि १९२७ मध्ये या रोगाला नाव दिले. १९३० मध्ये तिथे सरकारी चौकशीचा अहवाल आला, १९३१ मध्ये कारखान्यांतल्या धुळीसंबंधी नियम झाले. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखातले मेसोथेलिओमाचे तेहेतीस रोगी जगापुढे ठेवले. त्यांतले काही जण खाणीत कधी उतरलेलेही नव्हते. ते नुसते त्या परिसरात राहिले होते.

पण मला सर्वांत अस्वस्थ केले ते १९६५ साली लंडनहून प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने. न्यूहाउस आणि थॉम्पसन या दोघींनी मेसोथेलिओमाने गेलेल्या माणसांचे पूर्वायुष्य शोधून काढले. त्यांत काही बायका अशा निघाल्या, की त्यांनी कारखान्याचे दारही पाहिले नव्हते. त्यांनी केले होते ते इतकेच, की नवरा कामावरून आला की त्याचे धुळीने भरलेले कपडे झटकून धुतले होते. संध्याकाळी घरी आलेल्या माणसाचे कपडे झटकून बादलीत टाकणे, यापेक्षा निरुपद्रवी काम संसारात दुसरे कोणते असेल?

इतके वाचल्यावर वाचकांपैकी कुणी घाबरून आजच छपरावर माणूस चढवील, म्हणून इथे हात जोडून थांबवते. छपरावर स्वस्थ बसलेला, धड, न फुटलेला पत्रा फारसे काही करत नाही. त्याचे तंतू सिमेंटने घट्ट धरून ठेवलेले असतात. त्याच्याखाली बसून जेवल्याने कुणाला रोग होत नाही, आणि एखादा तुकडा एकदा फुटला म्हणून रात्रभर जागण्याचेही कारण नाही. धोका धुळीचा आहे, आणि ती किती व किती काळ छातीत गेली यावर तो ठरतो. म्हणून सर्व देशांतल्या जाणत्यांचा पहिला सल्ला एकच आहे: पत्रा चांगला असेल तर त्याला हात लावू नका. शेवाळ आले म्हणून तारेच्या ब्रशाने खरवडू नका, दिवाळीला रंग द्यायचा म्हणून पॉलिश कागदाने घासू नका, पाण्याच्या जोरकस फवाऱ्याने धुऊ नका, केबलसाठी त्याला ड्रिलने भोके पाडू नका. कडा जराशा झडू लागल्या असतील तर वरून नुसता रंगाचा जाड हात द्यावा, म्हणजे तंतू बांधलेले राहतात.

मात्र सुटे तंतू ही निराळी गोष्ट. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा इथे साठ-सत्तरच्या दशकांत उष्णता अडावी म्हणून हजारावर घरांच्या माळ्यांवर पिंजलेला ॲस्बेस्टॉस तसाच मोकळा पसरला होता. १९८८ नंतर सरकारने खर्च करून तो काढून घेतला. तरी उरलेले तंतू भिंतींच्या फटींतून घरात उतरतच राहिले. शेवटी २०१४ मध्ये ती घरेच विकत घेऊन पाडण्याचे ठरले. आपल्याकडे असे माळे सहसा नाहीत हे आपले नशीब. पण जुन्या बॉयलरवरचे किंवा गरम नळांवरचे पांढरट, भुसभुशीत वेष्टन दिसले, तर तिथे घरच्या माणसाने बोटही लावू नये. ते काम जाणकाराचेच.

आता आमच्या पडवीकडे वळते. चाळीस वर्षांचे पत्रे. २०२० च्या जून महिन्यात निसर्ग वादळ आले तेव्हा उत्तर कोकणातली कितीतरी छपरे उडाली आणि पत्र्यांचे तुकडे वाड्यांतून, आंब्याच्या बागांतून विखुरले. आमची पडवी वाचली, पण चार पत्रे तडकले होते. दर पावसाळ्यात चीर लांबत गेली, आणि एकदाचे उतरवायचे ठरले. घरात राहते माझी आत्या, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. तिचा सवाल सरळ होता. "अगं, चाळीस वर्षं मी ह्याच पत्र्याखाली बसून फणसाची साटं घातली. मला काही झालं का?"

मी म्हटले, "आत्ये, तू पत्र्याखाली बसलीस. पत्रा फोडायला बसली नाहीस."

मुकादम आले ते मोठा घण आणि दोन माणसे घेऊन. त्यांच्या बरोबर त्यांतल्या एकाची बायको, खराटा आणि घमेले घेऊन, कडेवर वर्षाचे मूल. मुकादमांनी छपराकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "ताई, वरून चार घाव घातले की तासाभरात सगळं खाली. ही बाई गोळा करील. आणि मजुरीत सूट देतो, धड निघतील ते पत्रे आम्हाला द्या. ह्यांच्या खोपटाला होतील."

या वाक्यात सारा प्रश्न होता. धूळ उडणार ती त्या दोघांच्या नाकातोंडात, केर काढणार ती बाई, ते मूल बसणार तिथेच जवळ, आणि उरलेले पत्रे जाणार त्यांच्याच डोक्यावर. आमची पडवी स्वच्छ, आमचे पैसे वाचलेले, आणि वर चार पत्रे दान केल्याचे पुण्य! मी त्यांना म्हटले, "घण ओसरीवर ठेवा. एका दिवसाऐवजी दोन दिवस लागू देत, दोन्हीची पूर्ण मजुरी घ्या. पत्रे मात्र कुणालाच मिळणार नाहीत." मुकादमांना वाटले, बाई कंजूष आहे. मग मी त्या चौघांना बसवून नेली कर्शॉची आणि लंडनच्या बायकांची गोष्ट सांगितली. वर्गात मुले ऐकतात त्याहून चांगली ती त्यांनी ऐकली. खराटेवाल्या बाईने काही न बोलता मूल उचलले आणि ती दूर आंब्याखाली जाऊन बसली.

काम कसे केले ते आता क्रमाने सांगते. कुणाच्या उपयोगी पडेल. घरातली माणसे, कोंबड्या आणि वाळत घातलेले कपडे आधी दूर केले, दारे-खिडक्या लावल्या आणि वीज बंद केली. वारा पडलेली सकाळची वेळ धरली. पत्र्यांखाली जमिनीवर जाड प्लास्टिकचा कागद अंथरला. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. त्यातून हे तंतू आरपार जातात. सर्जिकल मास्कही कुचकामी. एफएफपी३ किंवा पी१०० प्रतीचा, कडेने हवा न शिरू देणारा मास्क लागतो. दाढी वाढलेली असेल तर तोही नीट बसत नाही, म्हणून एकाला आधी दाढी करून यायला सांगितले. अंगावर डोके झाकणारा, एकदाच वापरून टाकायचा झगा, हातमोजे आणि पुसता येतील असे गमबूट. झगा चढवल्यावर त्या गड्याने आरशात पाहिले आणि म्हणाला, "चंद्रावर चाललो."

छपरावर कुणीही पाय ठेवायचा नाही, हा नियम धुळीइतकाच महत्त्वाचा. जुना पत्रा वरून दगडासारखा दिसतो आणि माणसाच्या भाराने पापडासारखा मोडतो. अशा छपरातून खाली पडून माणसे जागच्या जागी दगावतात. आम्ही खालून परांची बांधली आणि तिच्यावर उभे राहून काम केले. प्रत्येक पत्रा आधी झारीने हलकेच भिजवायचा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब घातले की पाणी सिमेंटमध्ये नीट मुरते. पाणी जोरात मारायचे नाही. मग हुकाचे नट पान्याने सोडवायचे. चाळीस वर्षांचा गंज खाल्लेले नट सुटतात थोडेच! तिथे पत्रा न फोडता हुकच भिजवून हाताच्या करवतीने कापायचा. विजेवर फिरणारे कटिंगचे चाक मुळीच वापरायचे नाही. एका पत्र्यावर ते दोन मिनिटे फिरले तर दिवसभराच्या कामात उडणार नाही इतकी धूळ उडते. सुटलेला पत्रा दोघांनी धरून, तान्ह्या मुलासारखा, आडवा खाली द्यायचा. फेकायचा नाही. एकेक पत्रा तीस-पस्तीस किलोचा. हात भरून येतात. तडकलेल्या चार पत्र्यांच्या चिरांवर आधीच रुंद चिकटपट्टी लावून ठेवली होती, त्यामुळे तेही एकसंध उतरले.

खाली उतरलेले पत्रे ओले असतानाच जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळून चिकटपट्टीने बंद केले. बारीक तुकडे ओल्या फडक्याने वेचून दुहेरी पिशवीत घातले. खराटा, केरसुणी आणि घरातला व्हॅक्यूम क्लीनर तिघांनाही त्या दिवशी सुट्टी. खराटा धूळ उडवतो, आणि साधा व्हॅक्यूम क्लीनर ती एका बाजूने ओढून दुसऱ्या बाजूने खोलीभर सोडतो. वासे, खांब आणि परांची ओल्या फडक्यांनी पुसली. ती फडकी, झगे, हातमोजे आणि जमिनीवरचा कागद, सारे त्याच दुहेरी पिशव्यांत गेले. मास्क सर्वांत शेवटी, उघड्या हवेत काढायचा. मग गड्यांनी आमच्याच न्हाणीत डोक्यावरून आंघोळ केली आणि धुतलेले कपडे घालून ते घरी गेले. आतले कपडे आम्ही न झटकता, वेगळ्या बादलीत बुडवून धुतले. एवढे झाल्यावर खराटेवाली बाई येऊन हळूच विचारून गेली, "आता पोर आत नेऊ?"

इथवर सारे शिस्तीत झाले. खरा घोळ पुढे. गुंडाळलेले पत्रे टाकायचे कुठे? मी एका कार्यालयात विचारले. तिथल्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितले, "नदीच्या कडेला टाका हो, सगळे तिथंच टाकतात." ते खोटे बोलत नव्हते. आपल्याकडे सगळे तसेच करतात. तुकडे रस्त्याच्या भरावात जातात आणि गाड्यांच्या चाकांखाली पिठासारखे दळले जातात. शेताच्या बांधाला लागतात, गटारावर झाकण होतात, चुलीच्या आडोशाला उभे राहतात. मुले तर तुकडे होळीत टाकतात, कारण तापल्यावर ते फटाक्यासारखे उडतात. आणि पुरायचे म्हटले, तर पुढच्या पिढीत कुणीतरी तिथेच विहीर खणते.

कायदा वेगळे सांगतो. धोकादायक कचऱ्याविषयीच्या केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांच्या अनुसूचीत टाकून दिलेला ॲस्बेस्टॉस स्पष्ट नोंदलेला आहे. असा कचरा खाली अभेद्य थर घातलेल्या, नोंद ठेवलेल्या सुरक्षित खड्ड्यातच जायला हवा. महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे धोकादायक कचऱ्याची विल्हेवाट लावणारी केंद्रे आहेत. ती मुख्यतः कारखान्यांसाठी. पण महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आपल्या भागातल्या कार्यालयात लेखी अर्ज करून, आपल्याकडचा माल किती आहे ते सांगून, केंद्राशी आणि परवानाधारक वाहनवाल्याशी बोलणे करता येते. एका घराच्या दहा पत्र्यांसाठी ट्रक परवडत नाही. म्हणून आम्ही वाडीतली आणखी चार घरे गाठली. दोघांचे गोठे पाडायचे आहेत, एकाकडे वादळातले तुकडे पोत्यांत पडून आहेत. सर्वांचा मिळून एक ट्रक भरेल. तोवर आमचे पत्रे बंद मांगरात, जमिनीपासून वर, 'ॲस्बेस्टॉस आहे, उघडू नये' अशा चिठ्ठ्या लावून ठेवले आहेत. धड, गुंडाळलेला पत्रा काही महिने थांबला तरी कुणाला अपाय करीत नाही. घाई करून नदीकाठी फेकलेला करतो.

आपल्या देशाची या बाबतीतली वृत्ती मोठी विसंगत आहे. २००६ साली फ्रान्सची क्लेमेन्सो ही जुनी विमानवाहू नौका मोडीसाठी गुजरातेतल्या अलंगकडे निघाली होती. तिच्या पोटात ॲस्बेस्टॉस आहे म्हणून इतका गहजब झाला, की फ्रान्सच्या अध्यक्षांना ती अर्ध्या वाटेतून परत बोलवावी लागली. ते योग्यच झाले. १९९५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, जे नंतर येईल तोवर, जपून ठेवण्याचा आदेश दिला; तेही योग्यच. पण आइसलँडने १९८३ मध्ये, ब्रिटनने १९९९ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस या पदार्थाला दार बंद केले, आणि आपल्याकडे मात्र परदेशातून आणलेल्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे अजून राजरोस विकले जातात. पांढरा गरीब, निळा वाईट, असे कुणी दुकानदार सांगेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सर्वच प्रकारांना कर्करोगकारक ठरवले आहे, एवढे त्याला सांगावे. नवीन छप्पर घालताना कौले, रंगीत धातूचे पत्रे किंवा ॲस्बेस्टॉसविरहित तंतूंचे सिमेंटचे पत्रे असे पर्याय आहेत. शेवटच्या प्रकारात पत्र्यावरचा छाप आणि बिल दोन्ही पाहून घ्यावे. जुन्या पत्र्यात काय आहे हे नुसत्या डोळ्यांनी कुणालाच निश्चित सांगता येत नाही, ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. म्हणून शंका असेल तिथे ॲस्बेस्टॉस आहे असेच धरून चालावे.

हे सारे करायला आम्हाला एक दिवसाची जादा मजुरी, मास्क-झगे आणि प्लास्टिकचा खर्च आला. शिवाय त्या गड्याच्या खोपटासाठी दोन नवे धातूचे पत्रे घेऊन दिले. आत्याने हिशेब पाहिला आणि म्हणाली, "टाकायच्या वस्तूवर एवढा खर्च?" मग थोडा वेळ गप्प राहून स्वतःच म्हणाली, "माणसाला पोचवायलाही खर्च येतोच की." याहून नेमके मला सांगता आले नसते. ज्याने चाळीस वर्षे ऊन-पाऊस अंगावर घेतला, त्याला शेवटी नीट पोचवणे हे घरधन्याचे काम आहे; ते आपल्याहून गरीब माणसाच्या गळ्यात घालून मोकळे होणे याला दान म्हणत नाहीत.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत साफसफाई करताना एकदा वर नजर टाका. पत्रा धड असेल तर त्याला तसाच राहू द्या आणि पोराबाळांना त्यावर चढू देऊ नका. तडकलेला असेल तर घण मागवण्याआधी झारी, जाड प्लास्टिक आणि चांगला मास्क मागवा, आणि शेजाऱ्यांकडे किती पत्रे आहेत ते विचारून ठेवा. चार घरे एकत्र आली तर ट्रक भरतो.